नेपल्स बंदरातला एक दिवस: पॉम्पेई, हर्क्युलेनियम की समुद्र?

तेरणाकाठ (धाराशिव)

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जाणार आहोत. जहाज एका गुरुवारी सकाळी सात वाजता नेपल्सला लागेल आणि संध्याकाळी सहा वाजता निघेल. साडेपाचपर्यंत सर्वांनी परत चढायचे आहे, म्हणजे बंदरातून बाहेर पडण्याचा आणि परतीचा वेळ वजा केला तर हाती जेमतेम नऊ तास उरतात. बरोबर पत्नी, सातवीतली मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई आहे. सकाळी पॉम्पेई आणि दुपारी सोरेंतोचा किनारा, असा कार्यक्रम सर्वजण सुचवतात. माझे मत असे, की मराठवाड्यातून जाणाऱ्या माणसाने हे दोन्ही सोडावे आणि नेपल्सचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय व पॉम्पेईबरोबरच गाडले गेलेले हर्क्युलेनियम एवढेच पाहावे. या मताला मला मनापासून विरोध हवा आहे, म्हणून कारणे सविस्तर मांडतो.

१९३८ मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती एका घरात सापडली, ती आज याच संग्रहालयात आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच भारतातून तिथे पोहोचली होती. तिच्याशी घडणीने जवळचे नाते सांगणारी मूर्ती आमच्या तेरला मिळाली आहे आणि तशीच जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही मिळाली आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असल्याचे नोंदवले आहे. पैठणचे अकीकाचे दगड आणि तगरचे कापड व मलमल बिकट वाटांवरून गाड्यांनी भडोचला जात असत. तेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर पहिला पाऊस पडून गेला की मणी वेचत फिरणारी मुले मी लहानपणी पाहिली आहेत आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर उभे राहिलेले गावातले संग्रहालय हीच माझी इतिहासाची पहिली शाळा होती. ज्या व्यापाराचे हे टोक मी पाहत वाढलो, त्याचे दुसरे टोक त्या नऊ तासांच्या आवाक्यात असताना मी सोरेंतोला छत्रीखाली बसावे, हे मनाला पटत नाही.

हर्क्युलेनियम निवडण्याचे कारण आईचे गुडघे. पॉम्पेई सुमारे ६६ हेक्टरांत पसरलेले आहे, त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग उकरलेला आहे आणि सावली फार थोडी आहे. हर्क्युलेनियमचा उघडा केलेला भाग त्या मानाने लहान आहे, दोन मजली घरे आणि कोळसा झालेल्या लाकडी तुळया तिथे टिकून आहेत, आणि इ. स. ७९ चा मूळ किनारा २०२४ पासून पाहता येतो. किनारा हवाच असेल, तर तो पाहावा.

बालाघाट (बीड)

हर्क्युलेनियम सुंदर आहे, तरीही पॉम्पेई सोडण्याचा निर्णय मला चुकीचा वाटतो. आपण वेरूळ आणि अजिंठ्याच्या सान्निध्यात वाढलो, त्यामुळे प्राचीन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विहार, चैत्य आणि मंदिर येते. कैलास लेणे खोदणारे कारागीर कुठे झोपत होते, त्यांची भाकरी कोण थापत होते, त्यांच्या गल्लीतले सांडपाणी कुठून वाहत होते, याचा मागमूस आपल्याकडे जवळजवळ उरलेला नाही. पैठण आणि तेर येथील पांढरीखाली तो असेल, पण वर वस्ती आहे आणि उत्खनन थोडेच झाले आहे.

पॉम्पेईत नेमके तेच दिसते. रस्त्याच्या फरशीवर गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या आहेत, पावसाच्या पाण्यातून पलीकडे जाण्यासाठी ठेवलेले उंच दगड आहेत, ओट्यात रांजण बसवलेली खाणावळीची दुकाने आहेत, दगडी जाती असलेल्या बेकऱ्या आहेत. एका बेकरीच्या भट्टीत तर ८१ पाव जळून कोळसा झालेल्या अवस्थेत सापडले. आपल्या मुलीला इतिहास म्हणजे राजांची यादी वाटू नये असे वाटत असेल, तर तिला त्या रस्त्यावरून दोन तास चालवा. आईसाठी चाल कमी हवी, हे मान्य आहे. त्यासाठी फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, आणि आसपासचा भाग एवढेच निवडता येते, सगळे ६६ हेक्टर तुडवण्याची सक्ती कोणी करत नाही. फक्त तिकीट आधीच काढा, कारण २०२४ च्या अखेरीपासून दिवसाला २०,००० प्रवेशांची मर्यादा आणि नावानिशी तिकीट अशी व्यवस्था आहे.

गोदातीर (नांदेड)

मी दोन वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना घेऊन याच बंदरात एक दिवस घालवला आहे. दोघे आयुष्यभर शेतीत राबले, पाणी म्हणजे विहीर, गोदावरी आणि उन्हाळ्यातला टँकर एवढेच त्यांना ठाऊक होते. आम्ही त्यांना सकाळी पॉम्पेईला नेले. सासरे आदराने सगळे पाहत होते, पण दीड तासानंतर त्यांनी मला हळूच विचारले, की आपण समुद्राजवळ कधी जाणार. दुपारी पोहोचलो तेव्हा परतीला अवघी वीस मिनिटे उरली होती, त्यामुळे चपला काढून पाण्यात उभे राहण्याआधीच निघावे लागले. जहाजाच्या दहाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, पण त्याला हात लागत नाही. ती चुकलेली दुपार मला आजही लागते.

तेरणाकाठ, आपल्या लेखात आईबद्दल फक्त गुडघे आले आहेत. त्यांना काय पाहायचे आहे, ते आपण विचारले आहे का? आपल्या भागात अवशेष पावलोपावली आहेत, समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर आहे. जे घरी नाही त्यासाठी माणसाने बाहेर पडावे, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी सोरेंतो गाठण्याचीही गरज नाही. लोकलने तिथे जायला तासाहून अधिक वेळ लागतो आणि वाळूपेक्षा पाण्यावर उभारलेले लाकडी मचाणच जास्त आहेत. नेपल्समध्येच रोतोंदा दियाझजवळ एक छोटा सार्वजनिक किनारा आहे आणि बंदरापासून टॅक्सीने तो लांब नाही.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

दोन गोष्टी सांगायच्या आहेत, एक मूर्तीबद्दल आणि एक वेळेबद्दल.

मूर्ती तेरहून गेली असे ठासून म्हणता येत नाही. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले, आज बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. घडण दख्खनची असावी हे मत वजनदार आहे आणि १९७३ च्या भोकरदनच्या उत्खननाने त्याला बळ दिले, परंतु तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची आहे. म्हणून मुलीला सांगताना 'ही आपल्या तेरची' असे न सांगता 'तेरला हिच्यासारखी आहे' असे सांगावे, म्हणजे तिला खरे ते कळेल आणि अभिमानही उरेल. आणखी एक, ती संग्रहालयाच्या गुप्त दालनात ठेवलेली आहे. तिथे पॉम्पेईची शृंगारिक चित्रे आणि शिल्पेही आहेत. सातवीतल्या मुलीला आत न्यायचे का, हे पत्नीशी आधी बोलून ठेवावे, आणि दालन त्या दिवशी उघडे आहे का, हे तिकीट काढतानाच विचारावे. संग्रहालय मंगळवारी बंद असते, आपला गुरुवार आहे ही चांगली गोष्ट आहे. बंदरासमोरच्या म्युनिचिपिओ स्थानकावरून मेट्रोची पहिली मार्गिका तिसऱ्या थांब्याला संग्रहालयाजवळ सोडते.

आता वेळ. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियमला जाणारी चिर्कुमवेसुव्हियाना लोकल स्वस्त आहे, पण इटलीत संप होतात आणि गाड्या रद्दही होतात. आमची परतीची गाडी अशीच रद्द झाली, फलाटावर पाऊण तास गेला आणि शेवटी टॅक्सीला मागेल ती रक्कम देऊन जहाज गाठले. जहाजाने स्वतः विकलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, स्वतःच्या भरवशावर फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. तेव्हा शहराबाहेर जायचे असेल तर जहाजाची सहल घ्यावी, महाग पडली तरी, आणि शहरात राहायचे असेल तर खुशाल आपले आपण फिरावे. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे.

काळी माती (औसा)

वरच्या चर्चेत एका गोष्टीचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितो.

पॉम्पेईत १८६३ मध्ये तिथल्या उत्खननाचे प्रमुख फियोरेल्लींनी राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मेलेल्या माणसांचे साचे घेण्याची पद्धत आणली, आणि ते साचे आज प्रदर्शनात आहेत. तोंडावर हात घेतलेली, कुशीवर वळलेली माणसे आहेत ती. हर्क्युलेनियमच्या ज्या किनाऱ्याची तेरणाकाठ यांनी शिफारस केली, तिथे नावा ठेवण्याच्या कमानींत सुमारे ३०० लोकांचे सांगाडे मिळाले. होडीची वाट पाहत ते तिथेच थांबले होते. आज त्यांच्या प्रतिकृती तिथे मांडलेल्या आहेत.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या नात्यातली चार माणसे दगडमातीच्या माळवदाखाली गेली. माझे वडील आठ दिवस ढिगारे उपसत होते. काही वर्षांपूर्वी मी त्यांना पॉम्पेईच्या साच्यांचे छायाचित्र दाखवले, तेव्हा त्यांनी ते उलटे करून ठेवले आणि त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत. लातूर-धाराशिवकडच्या सत्तरीच्या माणसाला तिथे नेण्यापूर्वी हे सांगून ठेवायला हवे, आणि त्यांनी नको म्हटले तर कोणतेही पुरातत्त्व त्यापेक्षा मोठे मानू नये. मी स्वतः मात्र जाऊन यावे असे म्हणेन. त्या कमानींपुढे उभे राहिल्यावर कोणी शिकवण्याची गरज राहणार नाही, आपल्या लोकांना ते आपोआप समजेल.

बालाघाट (बीड)

काळी माती, आपले म्हणणे मनाला लागले. आईबद्दलचा माझा आग्रह मी मागे घेतो. मुलीबद्दलचा घेत नाही. साच्यांच्या बाजूला न वळताही पॉम्पेईचे रस्ते आणि घरे पाहता येतात, आणि बारा वर्षांच्या मुलीला ते पुन्हा केव्हा दिसतील कोण जाणे.

तेरणाकाठ (धाराशिव)

उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण गोदातीर यांचा प्रश्न खरा होता. मी आईला विचारलेच नव्हते. तिचे माहेर लोहारा तालुक्यातले आहे, सास्तूरजवळचे, आणि १९९३ मध्ये माहेरी काय घडले हे मला ठाऊक असूनही हर्क्युलेनियमचा किनारा सुचवताना ते माझ्या मनात आले नाही. काळी माती यांचा मी ऋणी आहे.

परवा रात्री जेवणानंतर तिला सगळे सांगितले. गाडलेल्या शहराबद्दल तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तसलं मला दाखवू नको. एकदा बघितलंय तेवढं बास." मग मी तेरच्या मूर्तीसारख्या त्या दुसऱ्या मूर्तीचा विषय काढला, ती तिथे कशी पोहोचली असेल ते सांगितले, आणि फोनवर छायाचित्र दाखवले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. "इतक्या लांब दिलेली लेक हाय ती, एवढ्या लांब जाऊन तिला भेटल्याबिगर कसं यावं?" आणि समुद्राचे विचारले तेव्हा म्हणाली, "पाण्यात उभं राहायचं असंल तर लुगडं कुठलं नेऊ?"

म्हणून आता आम्ही वेगवेगळे जाणार आहोत. पत्नी आणि मुलगी जहाजाची पॉम्पेईची सहल घेतील, म्हणजे उशिराची चिंता नाही. मी आणि आई नऊ वाजता संग्रहालय उघडताच आत जाऊ, अकरापर्यंत बाहेर पडू आणि टॅक्सीने रोतोंदा दियाझच्या किनाऱ्यावर जाऊ. तीनपर्यंत तिथेच बसू. मुलीला मूर्ती आत्ता दिसणार नाही, तिला परत आल्यावर तेरची दाखवेन. हर्क्युलेनियम मात्र राहिले. ते मला सलत राहील, पण या वेळी ते माझ्या वाट्याचे नाही.

गोदातीर (नांदेड)

वाचून फार बरे वाटले. किनारा लहान आहे आणि पुढे मोठे दगड रचलेले आहेत, त्यामुळे आईंचा हात सोडू नका, ओल्या दगडावर पाय घसरतो. लुगडे सुती असू द्या, लवकर वाळते. एक कोरडे पातळ पिशवीत ठेवा आणि पायांतली वाळू धुवायला पाण्याची बाटली वेगळी न्या. आणि तीन वाजेपर्यंत म्हणालात, ते बदलू नका. त्यांना निघावेसे वाटणार नाही, तेव्हा अर्धा तास आधीपासूनच सांगायला सुरुवात करा.