पासवर्डविना साइन-इन: विंडोज, मॅक, उबंटू आणि सामायिक पीसी एकत्र असताना आराखडा कसा आखावा?

सर्व्हररूम_३ | प्रश्न

नमस्कार मंडळी. पासवर्ड बंद करायचं वरून ठरलंय आणि आराखडा माझ्या गळ्यात पडलाय. आमच्याकडे काय काय आहे ते आधी सांगतो:

विंडोज ११ लॅपटॉप साधारण ४००. निम्म्याहून जास्त हायब्रिड जॉइन (जुनं डोमेन आणि मायक्रोसॉफ्टची क्लाउड ओळख-सेवा एन्ट्रा, दोन्हीकडे जोडलेले), नवे थेट एन्ट्रा जॉइन (फक्त क्लाउडशी).
मॅक ४०, सगळे इंट्यूनमध्ये (मायक्रोसॉफ्टची उपकरण-व्यवस्थापन सेवा).
डेव्हलपर लोकांची उबंटू २२.०४ ची २५ यंत्रं, कुठेच नोंदवलेली नाहीत.
उत्पादन विभागात ३० सामायिक पीसी, तीन पाळ्यांत मिळून १२० माणसं. तिथे मोबाइल आत नेता येत नाही.
फोन निम्मे संस्थेचे, निम्मे लोकांचे स्वतःचे.

डोमेन कंट्रोलर (संस्थेची खाती तपासणारे सर्व्हर) चार: तीन सर्व्हर २०१९ वर, एक अजून २०१२ आर२ वर. फाइल सर्व्हर, आरडीपी (दुसऱ्या पीसीवर दुरून काम), वायफाय सगळं जुन्याच डोमेन पासवर्डवर चालतं.

सगळ्यांना एकच पद्धत देता येईल का? आणि फोन हरवला, लॅपटॉप बदलला, की त्या माणसाला आत कसं घ्यायचं? पासवर्ड तर नसेल.

चावीवाला | उत्तर

एकच पद्धत शोधत बसू नका, ती मिळणार नाही. आणि तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न आराखड्यात सगळ्यात वर घ्या. माणसाला पहिली पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात राहणारी डिजिटल किल्ली) कशी मिळणार आणि ती गेली तर दुसरी कशी मिळणार, हे ठरल्याशिवाय तंत्र निवडण्यात अर्थ नाही. नाहीतर हेल्पडेस्क फोनवर आवाज ओळखून पासवर्ड रीसेट करत राहील, आणि चोरालाही नेमकी तीच खिडकी हवी असते.

आता उपकरणांनुसार.

स्वतःचा लॅपटॉप, विंडोज: हॅलो फॉर बिझनेस (विंडोजचं पिन किंवा बोटाने साइन-इन), क्लाउड केर्बेरॉस ट्रस्ट पद्धतीने (क्लाउडकडून मिळालेल्या तिकिटावर डोमेनमधल्या गोष्टी उघडतात). किल्ली टीपीएममध्ये (यंत्रातली सुरक्षा चिप) राहते, पिन त्या यंत्रापुरता. पॉलिसीत टीपीएम सक्तीचा करा, नाहीतर टीपीएम नसलेल्या किंवा बायॉसमधून बंद केलेल्या यंत्रावर किल्ली सॉफ्टवेअरमध्ये ठेवली जाते. डोमेनमध्ये एन्ट्रा केर्बेरॉसचा ऑब्जेक्ट तयार करावा लागतो. तो डोमेन कंट्रोलर्सच्या ओयूमध्ये (डोमेनमधला कप्पा) केवळ-वाचन डोमेन कंट्रोलरसारखा दिसतो. अनोळखी समजून कोणी साफसफाईत उडवणार नाही एवढं बघा. त्याची किल्ली केआरबीटीजीटीच्या (डोमेनची तिकिटं ज्याच्या किल्लीने बनतात ते खातं) वेळापत्रकानेच बदलत राहा, ती आपोआप बदलत नाही.

तुमचा २०१२ आर२ कंट्रोलर इथे नडेल. क्लाउडकडून मिळालेलं अर्धं तिकीट पुरं करून द्यायला सर्व्हर २०१६ किंवा पुढचा, अद्ययावत पॅच असलेला कंट्रोलर लागतो. मिश्र साइटवर लॅपटॉपला कोणता कंट्रोलर मिळेल यावर फाइल सर्व्हर उघडणं अवलंबून राहतं. सकाळी चाललं, दुपारी नाही, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. तो आधी काढा.

सामायिक पीसी: इथे हॅलो नको. एका यंत्रावर जास्तीत जास्त १० जणांची नोंदणी चालते आणि प्रत्येकाला प्रत्येक पीसीवर वेगळी नोंदणी करावी लागते. १२० माणसं आणि ३० पीसी म्हटल्यावर हिशोब तिथेच संपला. यांना फिडो२ च्या (पासकीचं मानक) यूएसबी किल्ल्या द्या. विंडोजच्या लॉक स्क्रीनवर किल्लीने साइन-इन करण्याची पॉलिसी वेगळी चालू करावी लागते. एन्ट्रामध्ये किल्ली मान्य केली म्हणून लॉक स्क्रीनवर तो पर्याय उगवत नाही. किल्ली उपटली की स्क्रीन लॉक होईल असंही धरून चालू नका. स्क्रीन लॉकची वेळ कमी ठेवा.

किल्लीचा पिन सलग ३ वेळा चुकला तर ती काढून परत लावावी लागते. असा सलग ८ वेळा चुकला की कुलूपबंद, मग रीसेटशिवाय गत्यंतर नाही, आणि रीसेटमध्ये तिच्यावरच्या सगळ्या पासकी पुसल्या जातात. तेव्हा १२० माणसांना १२० किल्ल्या मागवू नका, १३५-१४० तरी घ्या. प्रत्येक किल्लीचा अनुक्रमांक माणसाच्या नावासमोर नोंदवून ठेवा; हरवली की एन्ट्रामधून नेमकी तीच नोंद काढता येते.

मॅक: प्लॅटफॉर्म एसएसओ (मॅकवर एकदाच साइन-इन), सिक्युअर एन्क्लेव्ह पद्धत (किल्ली मॅकच्या सुरक्षा चिपमध्ये). मॅकओएस १३ पासून चालतं, पण १४ किंवा पुढचं ठेवा. मॅकचा स्थानिक पासवर्ड इथे जात नाही. फाइलव्हॉल्ट (मॅकची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर यंत्र सुरू करताना तोच टाकावा लागतो. वरिष्ठांना हे आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ‘पासवर्ड अजून विचारतोय’ म्हणून मेल येईल. नोंदणीची सूचना वरच्या कोपऱ्यात येते आणि लोक ती बाजूला सारतात. प्रॉक्सी (मधला तपासणी सर्व्हर) टीएलएस (कूटबद्ध वाहतूक) उघडून तपासत असेल तर अ‍ॅपलचे असोसिएटेड डोमेन आणि मायक्रोसॉफ्टचे लॉगिन पत्ते त्यातून वगळा. नाही वगळले तर एसएसओचं एक्स्टेन्शन गुपचूप काम करत नाही आणि पडद्यावर कारणही दिसत नाही.

उबंटू: ब्राउझरसाठी यूएसबी किल्ली. स्नॅपमधून (उबंटूची पॅकेज पद्धत) बसवलेल्या ब्राउझरला किल्ली दिसत नसेल तर त्याला यूटूएफ डिव्हाइसेसचा (अशा किल्ल्यांना परवानगी देणारा) इंटरफेस जोडलाय का पाहा. एसएसएचसाठी (सर्व्हरवर दुरून लॉगिन) तीच किल्ली वापरता येते: किल्लीचा प्रकार ईडी२५५१९-एसके, आणि ओपनएसएसएच दोन्ही टोकांना ८.२ किंवा पुढचं. सर्व्हर जुना असेल तर क्लायंट कितीही नवा असून उपयोग नाही. यंत्राच्या लॉगिनला पॅम-यूटूएफ (लॉगिनला किल्ली मागणारं मॉड्यूल) लावताना एक रूट टर्मिनल उघडा ठेवूनच चाचणी करा, आणि सुरुवातीला ‘सफिशियंट’ (किल्ली चालली तर पुरे) लावा, ‘रिक्वायर्ड’ (किल्ली हवीच) नंतर.

रेडिअसवाला | उत्तर

वरचं सगळं बरोबर, पण वायफायकडे कोणी बघितलं नाही.

तुमचं वायफाय पीप आणि एमएसचॅपव्ही२ वर (पासवर्ड तपासणारी जुनी पद्धत) असणार. त्याला पासवर्डच लागतो. माणूस पिनने आत आला की विंडोजकडे पाठवायला पासवर्ड नसतो, त्यामुळे वायफाय वेगळी खिडकी उघडून तो मागतं. भरीस भर म्हणजे विंडोज ११ एंटरप्राइझमध्ये २२एच२ पासून क्रेडेन्शियल गार्ड (साठवलेले पासवर्ड चोरीपासून वाचवणारी सोय) आपोआप चालू असतो आणि साठवलेल्या डोमेन पासवर्डने एमएसचॅपव्ही२ चं एकल साइन-इन तोही थांबवतो. उपाय ईएपी-टीएलएस: यंत्राला प्रमाणपत्र द्या, इंट्यूनमधून एससीईपी किंवा पीकेसीएसने (प्रमाणपत्र वाटायच्या दोन पद्धती). यंत्राचं प्रमाणपत्र असलं की कोणी लॉगिन करण्याआधीच नेटवर्क जोडलं जातं. हायब्रिड लॅपटॉपना याचा वेगळा फायदा आहे: हॅलोची नोंदणी झाल्यावर पिनचा पहिला वापर डोमेन कंट्रोलर दिसत असतानाच व्हावा लागतो. एकदा तो झाला की पुढे नेटवर्क नसलं तरी चालतं.

व्हीपीएन रेडिअसवर (नेटवर्कची जुनी पडताळणी पद्धत) असेल तर त्याला एसएएमएलवर (ब्राउझरमधून एन्ट्राचं साइन-इन) न्या. एलडॅप बाइंड करणारी (डोमेनला नाव-पासवर्ड पाठवून तपासणारी) जुनी अ‍ॅप्स, स्कॅनर, प्रिंटरचं अ‍ॅड्रेस बुक यांची यादी डोमेन कंट्रोलरच्या लॉगमधून काढा. विभागांना विचारून ही यादी कधीच पुरी होत नाही.

दोन_घटक | उत्तर

किल्ल्यांवर एवढा भर कशाला? उत्पादन विभाग सोडला तर फोन सगळ्यांकडे आहेत. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमधली पासकी आयओएस १७ आणि अँड्रॉइड १४ पासून चालते, फोनच्या चिपमध्ये राहते, खर्च शून्य. लॅपटॉपवर क्यूआर स्कॅन केला की झालं.

चावीवाला | उत्तर

@दोन_घटक, फोन दुसरी चावी म्हणून उत्तम. पहिली म्हणून अडचणी येतात.

क्यूआरची वाट ब्राउझरमध्ये चालते, विंडोजच्या लॉक स्क्रीनवर नाही. लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ लागतं. जोडणी करायची नसते, फोन खरोखर जवळ आहे एवढंच त्यातून तपासलं जातं. बाकीचा संवाद इंटरनेटवरून, गूगल किंवा अ‍ॅपलच्या रिले सर्व्हरमधून होतो. त्यामुळे ब्लूटूथ बंद ठेवण्याची पॉलिसी असेल, किंवा प्रॉक्सीने ते रिले अडवले असतील, तर क्यूआर दिसतो, फोन स्कॅनही करतो आणि मग गोल चक्र फिरत राहतं. आभासी डेस्कटॉपच्या आतही तीच गत. अँड्रॉइडच्या वर्क प्रोफाइलमध्ये (फोनवरचा कामाचा वेगळा कप्पा) नोंदवलेली पासकी वैयक्तिक बाजूच्या अ‍ॅपना दिसत नाही, हा लोकांच्या स्वतःच्या फोनवरचा नेहमीचा घोळ. आणि स्वतःच्या फोनवर संस्थेचं अ‍ॅप टाकायला कोणी नकार दिला तर त्याच्यासाठी किल्ली तयार ठेवावीच लागते.

माझा नियम साधा आहे: एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन चाव्या झाल्याशिवाय कोणाचाही पासवर्ड बंद करायचा नाही. लॅपटॉपचं हॅलो अधिक फोन, किंवा मॅक अधिक यूएसबी किल्ली. हॅलोचा पिन आणि त्याच लॅपटॉपचं बोट या दोन चाव्या नव्हेत. लॅपटॉप गेला की दोन्ही गेल्या.

सर्व्हररूम_३

धन्यवाद. चाचणी सुरू केली तर दोन गोष्टी अडल्या. टेम्पररी अ‍ॅक्सेस पास (थोड्या वेळापुरता चालणारा कोड) बनवून दिला, पण हायब्रिड लॅपटॉपच्या लॉक स्क्रीनवर तो टाकायला जागाच नाही. दुसरं, माझ्या अ‍ॅडमिन खात्याला हॅलोने साइन-इन होतं, पण फाइल सर्व्हर उघडत नाही. साध्या खात्याला सगळं चालतं.

चावीवाला | उत्तर

दोन्ही गोष्टी ठरल्याप्रमाणेच वागतायत.

लॉक स्क्रीनवर पास टाकायची सोय वेब साइन-इनमधून (लॉक स्क्रीनवरच उघडणारं एन्ट्राचं साइन-इन पान) येते. ती विंडोज ११ २२एच२ पासून आहे, आणि ती केवळ एन्ट्रा जॉइन यंत्रांना. हायब्रिडला नाही. हायब्रिडवाल्यांना दुसऱ्या उपकरणाच्या ब्राउझरमध्ये पास वापरून आधी यूएसबी किल्ली नोंदवू द्या, मग त्या किल्लीने लॅपटॉपमध्ये शिरून हॅलो. हेल्पडेस्ककडे नोंदणीपुरत्या वापरायच्या पाच-सहा किल्ल्या असाव्यात; काम झालं की खात्यातून नोंद काढा, किल्ली रीसेट करा, पुढच्याला द्या. नवे लॅपटॉप मात्र एन्ट्रा जॉइनच करा. क्लाउड केर्बेरॉसमुळे त्यांनाही फाइल सर्व्हर उघडतो.

पासची मुदत मुळात १ तास असते. किमान १० मिनिटं, कमाल ३० दिवस ठेवता येते. ३० दिवसांचा पास म्हणजे पासवर्डच की! एक तास पुरे. एकदाच वापरायचा पास दिलात तर साइन-इननंतर १० मिनिटांत नोंदणी उरकावी लागते. माणूस मध्येच चहाला गेला तर नवा पास. कळीचा मुद्दा पास कोणाला द्यायचा हा आहे: समोरासमोर ओळखपत्र बघून, किंवा व्हिडिओवर आणि त्याच्या वरिष्ठाच्या साक्षीने. केवळ फोनवर कधीही नाही.

अ‍ॅडमिन खात्याचं कारण मी वर सांगितलेल्या ऑब्जेक्टमध्ये आहे. तो केवळ-वाचन कंट्रोलरसारखा असल्याने डोमेन अ‍ॅडमिन्ससारखे गट त्याच्या नकार यादीत येतात, म्हणून त्या खात्यांचं तिकीट पुरं होत नाही. नकार यादीतून गट काढून हे ‘दुरुस्त’ करायचे सल्ले मिळतील. तसं करू नका. केलंत तर क्लाउडच्या बाजूने घुसलेल्याला थेट डोमेनचा मुकुट मिळतो. डोमेन अ‍ॅडमिन खातं वेगळं ठेवा, क्लाउडशी सिंक करू नका, आणि त्याला स्मार्टकार्ड द्या. पीआयव्ही (स्मार्टकार्डचं मानक) असलेली यूएसबी किल्ली त्यासाठी चालते.

साध्या खात्यात कधी अडलं तर डीएसरेगसीएमडीच्या (जोडणीची स्थिती दाखवणारी विंडोजची आज्ञा) स्टेटसमध्ये क्लाउड टीजीटी आणि ऑनप्रेम टीजीटी (क्लाउडचं आणि डोमेनचं तिकीट) या दोन ओळी बघा. पहिली ‘यस’ आणि दुसरी ‘नो’ असेल तर गाठ कंट्रोलरच्या बाजूला आहे.

लॉगवाचक | उत्तर

सक्ती कधी आणि कशी, ते थोडक्यात.

एन्ट्राच्या प्रवेश-नियमांत, म्हणजे कंडिशनल अ‍ॅक्सेसमध्ये फिशिंगरोधक ऑथेंटिकेशन स्ट्रेंग्थची (फसवून चोरता न येणाऱ्या पद्धतीच मान्य) पॉलिसी बनवा, पण आधी ‘केवळ अहवाल’ स्थितीत ठेवा. साइन-इन लॉगमध्ये ती पॉलिसी कोणाला अडवली असती ते दिसतं. त्या नावांमधले निम्मे माणसं नसून स्क्रिप्ट निघतात: कोणाच्या तरी नावाने चालणारी जुनी कामं. त्यांना सर्व्हिस प्रिन्सिपल किंवा मॅनेज्ड आयडेंटिटीवर (माणसांऐवजी प्रोग्रॅमसाठीची खाती) हलवा.

सक्ती करताना पासकी नोंदवण्याच्या पानावर ही पॉलिसी सरसकट लावू नका. लावायचीच असेल तर अ‍ॅक्सेस पास तिथे मान्य असू द्या. नाहीतर ज्याच्याकडे पासकी नाही त्याला पासकी नोंदवायला पासकी मागितली जाते. नोंदणीआधीच्या ५ मिनिटांत एमएफए (एकाहून जास्त घटकांनी पडताळणी) झालेलं असावं लागतं, त्यामुळे जुन्या उघड्या सेशनमधून नोंदणी करणाऱ्याला परत पडताळणी येते. हा बिघाड नाही, तसं सूचनापत्रात लिहून टाका.

आणीबाणीची दोन क्लाउड खाती या पॉलिसीतून वगळा. अ‍ॅझ्युर पोर्टलवर मायक्रोसॉफ्टची स्वतःची एमएफए सक्ती या खात्यांनाही लागू होते, म्हणून प्रत्येकाला दोन फिडो२ किल्ल्या नोंदवून वेगवेगळ्या तिजोऱ्यांत ठेवा. या खात्यांनी साइन-इन केलं की लगेच इशारा जाईल असा नियम लावा.

क्रम असा ठेवा: आयटी विभाग, मग एन्ट्रा जॉइन लॅपटॉपवाले, मग मॅक, मग उत्पादन विभाग एकेका पाळीने, शेवटी उरलेले हायब्रिड. एखाद्या गटात सगळ्यांच्या दोन चाव्या नोंदल्या गेल्या की त्या गटाला सक्ती. डोमेनमधला पासवर्ड पुसायचं काम सगळ्यात शेवटचं: खात्यावर ‘स्मार्टकार्ड आवश्यक’ ही खूण लावली की पासवर्डच्या जागी यादृच्छिक मूल्य येतं. ती लावण्याआधी त्या माणसाच्या नावावर एलडॅप बाइंड होतंय का, हे लॉगमध्ये महिनाभर मागे जाऊन तपासा. महिन्याअखेरीला एकदाच चालणारी कामं आठवड्याच्या लॉगमध्ये सापडत नाहीत.