मायसेलमधील प्रकाश-आयनीभवन: एक फोटॉन की दोन?

वर्णपट
मायसेल, म्हणजे साबणासारख्या रेणूंचा पाण्यात तयार होणारा सूक्ष्म गोळा, आयनीभवनासाठी लागणारी ऊर्जाच कमी करते आणि म्हणून त्यात विरघळलेल्या पायरीन या सेंद्रिय रेणूमधून एकाच फोटॉनने इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, असे विधान अजूनही बिनदिक्कत केले जाते. माझ्या मते ते चुकीचे आहे. वायुरूप पायरीनची आयनीभवन ऊर्जा सुमारे ७.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, तर नायट्रोजन लेसरचा ३३७ नॅनोमीटरचा फोटॉन जेमतेम ३.७ देतो. भोवतालचे पाणी धन आयनाला आणि इलेक्ट्रॉनला सावरून घेते, त्याबद्दल सढळ हाताने साडेतीनची सूट धरली, तरी ३.९ लागतातच. ही तूट दुसरा फोटॉनच भरून काढतो. पायरीनची उत्तेजित अवस्था शेकडो नॅनोसेकंद टिकत असल्यामुळे दहा नॅनोसेकंदांच्या लेसर-स्पंदातही त्याला पुरेसा अवधी मिळतो.

द्रावक
आपला हिशेब पाण्याचा आहे, मायसेलच्या पृष्ठभागाचा नाही. सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणासारख्या पदार्थाच्या मायसेलची त्रिज्या सुमारे २ नॅनोमीटर असते आणि तिच्या बाहेरच्या अंगाला साठेक ऋणभारित सल्फेट गट असतात. पायरीन गाभ्यात खोल न राहता बहुधा या सीमेजवळ असतो, त्यामुळे सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पाणी अगदी हाताशी असते. शिवाय इलेक्ट्रॉनांचे प्रमाण लेसरच्या तीव्रतेच्या सरळ प्रमाणात वाढल्याची, म्हणजे लॉग-लॉग आलेखाचा (दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेतलेल्या) चढ १, ही एकाच फोटॉनची खूण, आल्याची निरीक्षणे आहेत. त्यांचे काय करायचे?

वर्णपट
ती मी नाकारत नाही, पण त्यांचा अर्थ वेगळा लावतो. स्पंद इतका तीव्र असेल की बहुतेक रेणू पहिल्याच शोषणात उत्तेजित होतात, तर पहिली पायरी संपृक्त होते आणि आलेखात केवळ दुसऱ्या पायरीचे अवलंबित्व उरते. तेव्हा दोन फोटॉनांची प्रक्रियाही चढ १ दाखवते. एकामागून एक फिल्टर लावून तीव्रता शंभरपट खाली आणली, की तीच रेषा खालच्या टोकाला वाकून २ च्या चढाकडे जाते. ज्या मोजमापात हे खालचे टोक घेतलेलेच नाही, त्याच्या सरळ रेषेवर मी विसंबणार नाही.

निरीक्षक
पायरीनपुरते हे मला पटते, पण ‘मायसेलमध्ये एका फोटॉनचे आयनीभवन होतच नाही’ इथवर जाणे योग्य नाही. टेट्रामिथिल-पॅरा-फेनिलीनडायअमीन या दुसऱ्या रेणूची वायुरूपातील आयनीभवन ऊर्जा सुमारे ६.२ आहे, आपलीच सूट वजा केली तर २.७ उरतात आणि एक फोटॉन सहज पुरतो. मायसेलचे खरे काम त्यानंतर सुरू होते, असे मला वाटते. ऋणभारित पृष्ठभाग इलेक्ट्रॉनला परत आत येऊ देत नाही आणि धन आयनाला स्वतःजवळ धरून ठेवतो, म्हणून पायरीनच्या धन आयनाचे ४५० नॅनोमीटरजवळचे शोषण बराच काळ दिसत राहते. धनभारित मायसेल घेतल्या, तर हाच पृष्ठभाग इलेक्ट्रॉनला ओढून घेतो आणि पुनर्संयोग, म्हणजे इलेक्ट्रॉनने धन आयनाला परत मिळणे, वाढतो.

द्रावक
पुनर्संयोगाचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्यातून आयनीभवनाचा उंबरठा, म्हणजे त्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, तसाच राहतो हे सिद्ध होत नाही. मायसेल केवळ पुनर्संयोग रोखत असेल, तर इलेक्ट्रॉन सुटल्यावर पहिल्या काही पिकोसेकंदांत, ७२० नॅनोमीटरच्या शोषणावरून मोजलेले त्याचे प्रमाण ऋणभारित आणि धनभारित मायसेलमध्ये जवळपास सारखे यायला हवे. नॅनोसेकंद उपकरणात हा क्षण निसटून जातो. आपण दोघेही ज्या आलेखांवर बोलत आहोत, ते त्यानंतरचे आहेत.