विषय: लीजनच्या शाखेला माणसं हवी आहेत

प्रेषक: मंडळ सचिव

नमस्कार मंडळी,

ब्रिटनमधल्या माजी सैनिकांना मदत करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजन या संस्थेच्या आपल्या गावातल्या शाखेकडून पत्र आलं आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, युद्धस्मारकावर मंडळाने दरवर्षीप्रमाणे पुष्पचक्र वाहावं, असं निमंत्रण आहे. कार्यकारिणीने होकार कळवला. पण पत्राच्या शेवटी यंदा एक नवी ओळ आहे: ऑक्टोबरच्या अखेरीपासून पॉपीच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी छातीवर लावायच्या कागदी लाल फुलांच्या, देणगीपेट्यांवर उभं राहायला माणसं कमी पडताहेत, तुमच्याकडून कोणी येईल का? याचं उत्तर यादीवरच्या मंडळींनीच द्यायचं आहे.

---

प्रेषक: वाचनकट्टा ताई

मी दोन वर्षं या शाखेच्या मासिक सभेला जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या घरात सैन्यात कोणीच नव्हतं. लीजनचं सभासद व्हायला ती अट नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

आपल्याला शाखा दिसते ती वर्षातून एका सकाळी. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचं निशाण, अकराच्या ठोक्याला दोन मिनिटांची शांतता, बिगुलावरच्या ‘लास्ट पोस्ट’च्या सुरांवर झुकणारं निशाण आणि ‘रेव्हेली’ ही जागं करणारी धून वाजली की पुन्हा उभं राहणारं. आपण पुष्पचक्र ठेवतो, फोटो काढतो, घरी येतो. बाकी वर्षभर शाखा काय करते, तर मुख्यतः माजी सैनिकांना फोन करते. आणि फोन उचलला गेला नाही तर घरी जाते.

माझ्या जोडीला नौदलातून निवृत्त झालेले एक आजोबा असतात. आम्ही दोघं मिळून महिन्याला चार-पाच घरं करतो. दार उघडलं की त्यांची नजर आधी दारापाशी ठेवलेल्या बुटांकडे जाते. ज्या माणसाने आयुष्यभर रोज बूट चमकवले, त्याच्या बुटांवर धूळ बसली तर घरात काहीतरी बिनसलंय, असा त्यांचा हिशोब, आणि तो मी अजून चुकलेला पाहिला नाही. मग चहा. पहिल्या भेटीत सगळं उत्तम असतं. दुसऱ्या भेटीत गुडघ्याची गोष्ट निघते. तिसऱ्या भेटीत कळतं की घर गरम ठेवणारा बॉयलर दोन महिने बंद आहे आणि हा माणूस कोट घालून झोपतो. कोणाकडे कधी काही न मागितलेल्या माणसाकडून “हो, मदत हवी आहे” एवढं वदवून घेणं, हेच शाखेचं सगळ्यात मोठं काम आहे असं माझं मत झालंय. एकदा ते शब्द तोंडातून निघाले की पुढे अर्ज भरणारे, पाठपुरावा करणारे जाणकार लीजनकडे आहेत.

अनेकांना तर आपण माजी सैनिक आहोत हेच मान्य नसतं. सक्तीच्या लष्करी सेवेतले शेवटचे जवान १९६३ साली घरी परतले. म्हणजे त्या पिढीतलं आज कोणीही ऐंशीच्या आतलं नाही. “मी काय, दोन वर्षं बटाटे सोलले,” असं म्हणतात. पण या देशाच्या व्याख्येत एक दिवसाची नोकरीसुद्धा माणसाला माजी सैनिक ठरवायला पुरते. हे सांगायलाही कोणीतरी त्यांच्या दारापर्यंत जावं लागतं.

आता पॉपीबद्दल. पहिला पॉपी दिन ११ नोव्हेंबर १९२१ चा. पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन परतलेल्यांना काम मिळावं म्हणून १९२२ मध्ये लंडनमध्ये पॉपीचा कारखाना निघाला तेव्हा तिथे पाच जण कामाला होते. फुलाला किंमत ठरलेली नाही, जो जे देईल ते. पेटीत पडलेला पैसा शाखेला सभेच्या चहासाठीही वापरता येत नाही, तो मदतकार्याला जातो.

आमच्या शाखेत सभेला येणारे चौदा जण, त्यातले नऊ पंच्याहत्तरीच्या पुढचे. गेल्या वर्षी सुपरमार्केटच्या दारात पावसात चार तास उभे राहून एक आजी आजारी पडल्या. निशाण धरणारे गृहस्थ चौऱ्याऐंशीचे आहेत. वाऱ्यात ते निशाण पेलणं किती जड असतं हे मी एकदा हातात घेऊन पाहिलंय.

एक अडचण मला दिसते: पॉपीचे शनिवार आणि आपली दिवाळी बहुतेक वर्षी एकमेकांवर येतात. म्हणून मागणं थोडंच आहे. प्रत्येकाने एक शनिवार, दोन तास.

---

प्रेषक: एक सभासद

ताई, तुमचं काम मोठं आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे. तरी मी पेटीवर उभा राहणार नाही, आणि कारण सांगायला हवं.

माझे खापरपणजोबा ११०व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधली ही पलटण. तिथल्या कूत गावात या फौजेला तुर्की सैन्याचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. शेवटी घोडे आणि खेचरं कापून खाण्याची वेळ आली होती. खापरपणजोबा कैदेत गेले आणि परत आले नाहीत. १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झालं, चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या कोरली. माझा माणूस त्या आकड्यात आहे. युद्धस्मारकांचं काम पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला, माफीही मागितली. पण आमच्या घरात शंभर वर्षं जी जागा रिकामी राहिली, ती अहवालाने भरत नाही. छातीवर ते लाल फूल लावताना माझा हात उचलत नाही.

---

प्रेषक: सुभेदार काका

सर्वांस राम राम. नात टाइप करते आहे, मी सांगतो आहे.

तुम्ही लिहिलंत ते अक्षर न अक्षर खरं आहे. मी मराठा पलटणीतच २८ वर्षं काढली, बेळगावला रंगरूट म्हणून भरती झालो. आमच्या साताऱ्याकडचं अपशिंगे गाव तुम्हाला ठाऊक असेल, मिलिटरी अपशिंगे म्हणतात. त्या एका गावाची ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली. त्यामुळे तुमचा राग मला परका नाही, आणि तुम्ही फूल लावावं असं मी म्हणणार नाही.

फक्त एक पाहिलेली गोष्ट सांगतो. गेल्या जूनमध्ये मुलाने मला ब्रायटनजवळ छत्री, म्हणजे हिंदी जवानांचं स्मारक, दाखवायला नेलं. १९१४-१५ ला फ्रान्समधून जखमी आलेल्या हिंदी जवानांसाठी तिथल्या राजवाड्यात इस्पितळ केलं होतं. जे वाचले नाहीत त्यातल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागेवर संगमरवराची छत्री बांधली, १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. गाडी वरपर्यंत जात नाही, शेतातून चालत चढावं लागतं. माझा गुडघा बोलत होता, पण चढलो.

वर गेल्यावर जे कळलं ते डोक्यातून जात नाही. १९५१ पासून १९९९ पर्यंत दर वर्षी त्या टेकडीवर जाऊन मानवंदना देत होते ते लीजनचे लोक. स्थानिक शाखेचे म्हातारे सैनिक. त्या चितांशी त्यांचं नातं काय? वर्दीचं, दुसरं काही नाही. पुढे त्यांच्यानं होईना, तेव्हा ते थांबले. मग आपल्याकडच्या लोकांनी, शिखांनी पुढाकार घेऊन ते काम उचललं, आजही दर जूनला होतं. आणि छत्रीवर नावं नव्हती, ती ५३ माणसांची नावं कोरलेला दगड २०१० साली शेजारी बसला. पंच्याण्णव वर्षांनी बसला, पण बसला. टेकडी चढणारं कोणी राहिलं नसतं तर कोणाच्या लक्षात राहिलं असतं?

गावी असताना ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीचा डबा मी शाळाशाळांतून फिरवलेला आहे. विधवेचं पेन्शन अडलं की तिला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बसलेलो आहे. ताई जे लिहितात ते वाचून मला वाटलं, हे तर आमचंच काम. इथे मी सात वर्षं आहे आणि खिडकीतून पाऊस बघतो आहे. निशाण धरायला मी तयार आहे. माझं वय अडुसष्ट, खांदे शाबूत आहेत. ते मला घेतील का, एवढं विचारा.

आणखी एक. आपल्या पुष्पचक्राच्या चिठ्ठीवर दर वर्षी “मराठी मंडळातर्फे” एवढंच लिहितो. यंदा तुमच्या खापरपणजोबांचं नाव लिहू या, हुद्दा आणि पलटणीसकट. बसऱ्याच्या भिंतीवर नाही तर इथल्या दगडापाशी तरी.

---

प्रेषक: एक सभासद

काका, दोन दिवस उत्तर लिहू शकलो नाही.

नाव सचिवांना वेगळं पाठवलं आहे. आईकडे त्यांचं मेडल होतं, ते मागच्या खेपेला मी घेऊन आलो होतो. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली आहे. झिजलंय, वाचायला भिंग लागलं. नंबरही चिठ्ठीवर यावा अशी विनंती.

पेटीवर मी येणार नाही, ते तसंच राहू द्या. रविवारी सकाळी मात्र येईन. मेडल लावलं तर चालतं का?

---

प्रेषक: वाचनकट्टा ताई

चालतं. स्वतः मिळवलेलं मेडल डाव्या बाजूला, घरातल्या पूर्वजांचं उजव्या बाजूला लावतात. मुलांनाही आणा. एकदा रविवारी सकाळी तुम्हाला तसं पाहिलं की शाखेतले लोक आपणहून येऊन विचारतील कोणाचं म्हणून. तेव्हा हे सगळं त्यांना सांगा. त्यांना कूत माहीत आहे, ११०वी पलटण माहीत नाही.

काका, सभेत विचारलं. चौऱ्याऐंशीच्या आजोबांनी माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही, “कधीपासून येतात?” एवढंच म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी सहाला सभागृहात ते स्वतः शिकवणार आहेत. निशाण झुकवण्याची यांची पद्धत थोडी वेगळी आहे म्हणे, हात हळू न्यायचा. पांढरे हातमोजे शाखेचे आहेत, पट्टा मात्र तुमच्या मापाचा करून घ्यावा लागेल. मी साडेपाचला न्यायला येते.

पेट्यांसाठी आतापर्यंत अकरा नावं आली आहेत. पहिल्या शनिवारी सकाळी दहा ते बारा आणि तिसऱ्या शनिवारी दुपारी दोन ते चार अजून रिकामं आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात दाराशी एक टेबल मांडायला सचिवांनी परवानगी दिली आहे, तिथे बसायला दोघं हवेत. फराळाची गडबड असेल, तेव्हा ज्यांच्यावर स्वयंपाकघराची जबाबदारी नाही अशांनी कळवा.