‘पुढच्या महिन्यात घेऊ’ म्हणत दोन महिने गेले. खर्चाला वळण कसं लावायचं?

कोरी_वही:

थोडं मोठं लिहिते आहे, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षभरात माझ्या वडिलांना ऐकू कमी यायला लागलंय. ऑडिओलॉजिस्टने दोन्ही कान तपासून कानाचं मशीन घ्यायला सांगितलं. किंमत ऐकून मी बाबांना म्हणाले, "पुढच्या महिन्यात घेऊ." पुढचा महिना आला, तेव्हाही हेच म्हणाले. बाबांनी कुरकूर केली नाही, त्यांचा तो स्वभावच नाही. पण एका संध्याकाळी माझी मुलगी त्यांना शाळेत झालेल्या भांडणाची लांबलचक हकीकत सांगत होती. बाबा उजव्या कानामागे तळहात धरून, तिच्या ओठांकडे बघत, मधेमधे "हो, हो" म्हणत होते. शेवटी तिने विचारलं, "मग मी काय करायला हवं होतं, आजोबा?" त्यालाही ते "हो, हो" म्हणाले. ती क्षणभर थांबली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तीन महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट छापून घेतलं आणि मुलीचे रंगीत खडू घेऊन बसले. ज्या खर्चाचं आजही बरं वाटतं तो हिरवा. भाडं, वीज, औषधं, प्रवास असा न चुकणारा तो पिवळा. पुन्हा वेळ आली तर मी करणार नाही तो लाल. एकूण 214 नोंदी होत्या. पिवळ्या 140, लाल 63, हिरव्या फक्त 11. लाल नोंदींची बेरीज मशीनच्या किमतीपेक्षा जास्त निघाली. बेरीज दोनदा केली, कारण आधी खरंच वाटेना.

लाल नोंदींमध्ये एकही मोठी खरेदी नाही. कपडे, कपाटात ठेवायचे डबे, तीन ऑनलाइन कोर्स (त्यातल्या एकाचा पहिलाच धडा झालाय), न वापरलेल्या दोन ॲपची वर्गणी, व्यायामाचा एक पट्टा, जो अजून खोक्यातच आहे. ऑर्डरच्या मेलवरच्या वेळा पाहिल्या तर 63 पैकी 41 रात्री दहानंतरच्या.

मला कुणी विचारलं की तुझ्यासाठी काय महत्त्वाचं, तर मी विचार न करता सांगेन: बाबा, मुलगी, आणि घरात कमीत कमी वस्तू. हे वरवरचं नाही, मला मनापासून तसंच वाटतं. मग त्या कागदावर हे कुठेच का दिसत नाही?

आधी दोन उपाय करून झालेत. हिशेबाचं ॲप चार महिने वापरलं. ते सगळं 'खरेदी' आणि 'इतर' या दोन खणांत टाकायचं, त्यातून मला काही कळायचं नाही. मग महिन्याच्या खर्चाला कडक मर्यादा घातली. सतरा दिवस पाळली आणि अठराव्या दिवशी राहिलेलं सगळं एकदम घेतलं. कमाई कमी पडते असं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. जिथे जीव आहे तिथे पैसा आधी पोचावा, यासाठी नेमकं काय करता?

जमाखर्च_जुना:

ताई, खडू घेऊन बसलात इथेच अर्धं काम झालं आहे. माझी सगळी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली, त्यामुळे थोडं अधिकाराने सांगतो. ॲप हिशेब ठेवतं, पण तुमच्या वतीने ठेवतं. आपल्या हाताने आकडा लिहिताना तो एकदा मनातून जातो.

1904 मध्ये जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी घरच्या जमाखर्चाची वही तयार केली. तिकडे तिला काकेइबो म्हणतात आणि तशा वह्या आजही निघतात. ती पद्धत माणसाला चारच प्रश्न विचारते: हातात किती आहे, किती बाजूला टाकायचं आहे, किती खर्च होतो आहे, आणि यात सुधारणा कशी करता येईल. मी त्यात एक रकाना वाढवला, 'कशासाठी'. 'काय घेतलं' तो नव्हे. त्यात वस्तूचं नाव लिहायचंच नाही असा माझा नियम आहे. पहिल्या महिन्यात त्या रकान्यात 'लोकांना दिसावं म्हणून' असं मला सहा वेळा लिहावं लागलं. त्यातली दोन मासिकं होती, जी मी वाचत नव्हतो, फक्त टेबलावर मांडून ठेवत होतो. ती बंद केली. हे लिहायला मला त्रास झाला, पण खोटं लिहवेना.

दुसरं, मशीनसाठी वेगळं खातं उघडा आणि त्याला 'बाबांचे कान' असंच नाव द्या. पैशाला पैसा सारखाच, खिसा कुठलाही असो, असं पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं. माणूस मात्र तसा वागत नाही, तो मनात वेगवेगळे खण करतो. रिचर्ड थेलर यांनी या मनातल्या हिशेबावर आयुष्यभर काम केलं, त्यांना 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नाव दिलेल्या खात्याला हात लावताना मन आडवं येतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पगार झाला की त्याच दिवशी पहिली रक्कम तिकडे जाऊ द्या. महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू म्हणालात, तर काही उरणार नाही.

रात्रपाळी:

मी 41 या आकड्याबद्दल बोलते. माझ्या कामाच्या वेळा उलट्यासुलट्या असतात आणि माझ्याही चुकीच्या खरेद्या दमलेल्या तासांतल्याच आहेत. तुमची मूल्यं दिवसा जागी असतात हो, रात्री साडेअकराला तुमच्यात फक्त अंगठा जागा असतो. त्या वेळी निर्धारावर भिस्त ठेवू नका. वाटेत दगड टाका.

माझा पहिला दगड म्हणजे कार्डाची माहिती सगळीकडून पुसून टाकणं. नंबर दर वेळी पाकिटातून बघून टाइप करायचा. पैसे हातातून जाताना जी टोचणी लागते ती कार्डामुळे बोथट होते, हे तपासून पाहिलेलं आहे. एमआयटीमधल्या प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी 2001 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली, काहींना रोखीने पैसे द्यायचे होते, काहींना कार्डाने. तिकिटं तीच, पण कार्डवाल्यांची सरासरी बोली जवळपास दुप्पट गेली. आणि तिथे कार्ड निदान खिशातून काढायचं तरी होतं!

दुसरा दगड: रात्री काही घ्यावंसं वाटलं तर कार्टमध्ये टाकायचं नाही, वहीत लिहायचं. कार्टमध्ये टाकलं की आठवणीचे मेल येत राहतात, वही काही मागे लागत नाही. तीन दिवसांनी सकाळी ती ओळ वाचायची. बऱ्याचदा मला ती वस्तू मुळात का हवी होती हेच आठवत नाही. जे तीन दिवसांनीही हवंसं वाटतं ते मी घेते, आणि अपराधी न वाटता घेते. हेही तितकंच महत्त्वाचं आहे. सगळ्यालाच नाही म्हटलं की तुमचा अठरावा दिवस परत येणार.

उंबरठा:

वरचे दोन्ही प्रतिसाद उपयोगी आहेत, पण मला एक वेगळी गोष्ट खटकते आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

कमाई कमी पडत नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे पहिल्या महिन्यातही थोडी ओढाताण करून मशीन घेता आलं असतं. मग 'पुढच्या महिन्यात घेऊ' हे खरंच पैशाबद्दल होतं का? माझ्या आईला वॉकर घ्यायचा होता तेव्हा मी तीन महिने घालवले. त्याची किंमत अगदीच मामुली होती. तो घरात आला की आई म्हातारी झाली हे मला कबूल करावं लागलं असतं, ते मला नको होतं. त्याच तीन महिन्यांत मी तिच्यासाठी कितीतरी वस्तू आणल्या. तिच्या खोलीचे पडदे बदलले, नवा रेडिओ आणला. आई पडदे बघून "छान आहेत" म्हणाली आणि भिंतीला धरधरून परत पलंगाकडे गेली. तो आवाज, तळहात भिंतीवर घासत जाण्याचा, मला अजून ऐकू येतो.

म्हणून म्हणतो, लाल नोंदी जमवून स्वतःला उधळी ठरवू नका. ज्या एका खर्चाला तुम्ही हात लावत नव्हता तो कोणता, आणि का, हे आधी बघा. मोठं काही टाळायचं असलं की माणूस छोटी छोटी खरेदी करत राहतो.

आणखी एक. मला लालपेक्षा तुमचा पिवळा रंग जास्त संशयास्पद वाटतो. 140 नोंदी अटळ? मीही असंच धरून चाललो होतो. मग प्रत्येक पिवळ्या नोंदीपुढे 'हे कधी ठरवलं?' असं लिहीत गेलो. निम्म्या गोष्टी मी पाच-सात वर्षांपूर्वी ठरवल्या होत्या, वेगळ्या परिस्थितीत, आणि त्या आपोआप कापल्या जात होत्या. लाल खर्च निदान दर वेळी डोळ्यांसमोर होतो. पिवळा आपल्याला न विचारता होतो.

कोरी_वही:

उंबरठा, तुमचा प्रतिसाद काल वाचला आणि उत्तर लिहायला आज बसले. राग नाही आला. रडू आलं, कारण ते खरं आहे. मशीन लावलेले बाबा मला बघायचे नव्हते. लहानपणी मी दुसऱ्या खोलीतून हळूच हाक मारली तरी त्यांना ऐकू जायची. मी पैशाचं कारण पुढे केलं, कारण ते सांगायला सोपं होतं आणि त्यावर कुणी उलट विचारत नाही.

मुलीच्या नावाने केलेल्या लाल नोंदीही परत पाहिल्या. दोन बॅगा, रंगांचे संच, तिने न मागितलेले. त्या सगळ्या मला घरी यायला उशीर झालेल्या दिवसांच्या आहेत. तिला हवी होते मी, आणि मी पाठवत होते खोकी.

पिवळ्या नोंदींत एक विमा निघाला जो मी दोनदा भरते आहे, एकदा ऑफिसातून आणि एकदा स्वतंत्र. आज फोन करून दुसरा बंद करायला सांगितलं. शनिवारी बाबांना घेऊन जाते आहे. वेगळं खातं आता मशीनसाठी नाही, त्याच्या बॅटऱ्या, दुरुस्ती आणि तपासण्यांसाठी उघडते. नाव काकांनी सुचवलेलंच ठेवते.

जमाखर्च_जुना:

शाब्बास. विम्याचे जे पैसे सुटले ते पुढच्या पगारापासून थेट त्या खात्यात वळवा, हातात येऊच देऊ नका. आणि पुढची पगारवाढ होईल तिचाही काही हिस्सा आत्ताच ठरवून टाका. थेलर आणि बेनार्त्झी यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेली योजना याच तत्त्वावर होती. कामगारांनी पुढच्या वाढीतून बचत वाढवायचं आधीच कबूल केलं, आणि 40 महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. हातात आलेलं सोडणं जड जातं, न आलेलं सोडताना तितकं जड जात नाही.

मशीनची सवय व्हायला काही आठवडे जातील, बाबांना घाई करू नका. सुरुवातीला भांड्यांचा आवाजसुद्धा असह्य वाटतो. माझ्या पत्नीचा अनुभव आहे.

कोरी_वही:

सहा आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मधे कुणीतरी पुढे काय झालं म्हणून विचारलं होतं.

मशीन आलं. पहिल्या आठवड्यात बाबा ते दुपारीच काढून ठेवायचे, आवाज टोचतात म्हणायचे. दोनदा जाऊन सेटिंग बदलून आणलं. मग एका सकाळी ते बैठकीत उभे राहून भिंतीकडे बघत होते. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, "हे घड्याळ आधीपासून वाजतं?" ते घड्याळ चौदा वर्षं त्याच खिळ्यावर आहे. मुलीने त्यांना ती भांडणाची हकीकत परत सांगितली, पहिल्यापासून. या वेळी त्यांनी मधे चार प्रश्न विचारले आणि ती त्यांच्यावर चिडलीसुद्धा.

गेल्या महिन्याचं स्टेटमेंट परत रंगवलं. आधीचं तीन महिन्यांचं होतं आणि हे एकाच महिन्याचं, म्हणून सरळ तुलना करत नाही. 66 नोंदी, त्यात हिरव्या 9, लाल 8. लालपैकी 6 अजूनही रात्रीच्याच आहेत. कार्डाचा नंबर पुसून टाकला होता, पण तो मला पाठ झालाय. परवापासून फोन रात्री बाबांच्या खोलीत चार्जिंगला लावते आणि मशीन पेटीत ठेवून ते झोपले की त्या खोलीचं दार लोटून घेते.