मदत हवी आहे: बिलुंग घराण्याची सुरुवात नेमकी कोणत्या सालापासून धरायची?

नमस्कार मंडळी,

मध्ययुगीन जर्मनीतल्या सरदार घराण्यांवर एक छोटी लेखमाला लिहितोय. प्रत्येक घराण्याची वंशावळ आणि तिच्या डोक्यावर स्थापनेचं साल, इतका साधा बेत होता. उत्तर जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांताच्या बिलुंगांपाशी गाडं अडलंय.

मूळपुरुष हर्मान बिलुंग, यावर सगळ्यांचं एकमत दिसतं. पण साल? ९३६ मध्ये पहिला ओटो जर्मनीचा राजा झाला आणि रेडारी या स्लाव्ह टोळीवरच्या मोहिमेत त्याने हर्मानला सेनाप्रमुख केलं. थोरला भाऊ विखमान असताना धाकट्याला मान! त्या काळचा इतिहासकार विडुकिंड लिहितो की विखमान आजारपणाचं सोंग करून सैन्यातून निघूनच गेला. पुढे त्याच्या मुलांनी काकाशी उघड वैर धरलं.

म्हणजे ९३६? पण तेव्हा हर्मान फक्त सेनाप्रमुख. ९५३ मध्ये मुलाचं बंड मोडायला ओटो दक्षिणेकडे गेला, तेव्हा सॅक्सनी हर्मानच्या हवाली. ९६१ मध्ये ओटो इटलीला निघाला, तेव्हा पुन्हा तेच. याला कारभारी म्हणायचं की ड्यूक, म्हणजे प्रांताचा अधिपती? ९६८ मध्ये ओटोने कापुआहून पाठवलेल्या पत्रात त्याला चक्क 'ड्यूक' म्हटलंय. मग ९६८ धरू का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ते पत्र नीट बघा. त्यात हर्मानबरोबर थिओडरिकलाही ड्यूकच म्हटलंय, आणि तो तर मार्कग्राफ, म्हणजे सीमेवरच्या मुलुखाचा अधिकारी. तेव्हा त्या एका शब्दावर साल ठरवू नका. सॅक्सनी ओटोचं स्वतःचं घर होतं, तिथली सत्ता तो सहजासहजी कुणाच्या नावावर करणार नव्हता.

माग्देबुर्गचा किस्सा लेखात जरूर घ्या. ९७२ मध्ये ओटो, तोवर सम्राट झालेला, इटलीत असताना तिथल्या आर्चबिशपने हर्मानचं राजासारखं स्वागत केलं. हाताला धरून चर्चमध्ये नेलं, दिवे लावले, घंटा वाजवल्या. हर्मान जेवायला सम्राटाच्या जागेवर बसला आणि झोपला त्याच्याच पलंगावर. ओटोला हे कळल्यावर त्याने आर्चबिशपला फर्मावलं: जितक्या घंटा वाजवल्या आणि जितके दिवे लावले, तितके घोडे पाठव. हे थिटमार या बखरकाराने लिहून ठेवलंय, आणि गंमत म्हणजे चुगली इटलीपर्यंत नेणारा त्याचाच आजोबा होता. हर्मानला मात्र काही झालं नाही, यावरून त्याचं वजन कळतं.

प्रतिसाद २

माझं मत ९७३. त्या वर्षी २७ मार्चला हर्मान क्वेडलिंबुर्गला वारला आणि मुलगा पहिला बर्नहार्ड त्याच्या जागी आला. काही आठवड्यांत, ७ मे रोजी, ओटोही गेला. बापाचं काम मुलाकडे गेलं तिथे घराणं सुरू झालं, नाहीतर हर्मान हा राजाचा एक कर्तबगार माणूस एवढंच. वंशावळीत वर हर्मान, पण साल ९७३.

पायाच शोधायचा असेल तर लुनेबुर्गकडे बघा. तिथला सेंट मिखाएलचा मठ हर्मानचा, आणि ९५६ मध्ये ओटोने तिथल्या मिठावरच्या जकातीचं उत्पन्न त्या मठाला दिलं. पदं राजाच्या मर्जीची, हे उत्पन्न टिकाऊ.

एक सावधगिरी: ओटोचा पणजोबा लिउडोल्फ, त्याची बायको ओडा, तिच्या वडिलांचं नावही बिलुंग होतं. केवळ नावावरून तो हर्मानचा पूर्वज ठरवू नका. इंटरनेटवरच्या वंशावळींत असल्या जोडण्या सर्रास असतात.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ९७३ धरतो, घोड्यांचा किस्सा तर घेणारच. शेवटाबद्दल शंका नाही: ११०६ मध्ये माग्नुस मुलगा नसताना वारला, आणि वुल्फहिल्ड व आइलिका या मुलींमुळे जमिनी वेल्फ आणि आस्कानियर घराण्यांत गेल्या. आता एकच प्रश्न: विखमानची शाखा तक्त्यात हर्मानच्या शेजारी दाखवू, की तळटीप पुरे?