बापूच्या पूलला हीट पंप कोणता? (आमच्या फॅमिली ग्रुपवरून)

बापू (जळगाव): मंडळी, शेतातल्या बंगल्याचा पूल तयार झाला. ८ बाय ४ मीटर, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४० हजार लिटर. डिसेंबरात भरीत पार्टीला सगळे येणार, पण त्या गार पाण्यात उतरणार कोण? म्हणून हीट पंप बघतोय, हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो तो. एका डीलरने १४ किलोवॅटचं कोटेशन दिलंय, सीओपी १६ म्हणतो. घेऊन टाकू?

नाना (भुसावळ): आपल्याकडे पाणी तापवायला मशीन! मे महिन्यात फुकट तापतं की.

छोटू: नाना, मे महिन्यात भरीत कोण खातं?

नाना: बठ्ठं खरं शे, पन बिल कोन भरी?

बापू: ताई, तूच सांग आता. तुझा रोजचा धंदा आहे हा.

ताई (पुणे): थांब, लगेच ॲडव्हान्स देऊ नकोस. सीओपी म्हणजे १ यूनिट विजेत किती यूनिट उष्णता मिळते ते. १६ हा आकडा इन्व्हर्टर मशीन (वेग कमी-जास्त करणारं) अगदी हळू चालतं आणि हवा उबदार असते तेव्हाचा. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर तक्ता असतो. एक ओळ 'हवा २६, पाणी २६, आर्द्रता ८०%', दुसरी 'हवा १५, पाणी २६, आर्द्रता ७०%'. तू दुसरी ओळ बघ, तीही पूर्ण स्पीडची. तिथे ४-५ दिसलं तरी मशीन चांगलं समज. आणि आपल्याकडे हिवाळ्यात ८०% आर्द्रता कुठून येणार? पहिली ओळ कोकणातल्या पावसाळ्यात शोभते.

मामी: मग बिल किती येईल गं?

ताई: मामी, ४० हजार लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४६ यूनिट उष्णता लागते. पाणी २० वरून २८ वर न्यायचं तर ३७० च्या आसपास. साध्या कॉइल हीटरला तेवढी सगळी वीज लागेल, ५ सीओपीच्या पंपाला ७५ यूनिट. हे फक्त पहिल्यांदा तापवायचं झालं. पुढे खरा खर्च आहे तो बाष्पीभवनाचा. उघड्या पूलची बहुतेक उष्णता तिथूनच जाते, त्यात आपली कोरडी हवा आणि शेतातला वारा. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तर १६० लिटर गेलं, आणि त्याच्याबरोबर १०० यूनिटच्या वर उष्णता. म्हणून बापू, आधी बबल कव्हर घे, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बुडबुड्यांचं प्लास्टिक, पंप नंतर.

बापू: कव्हर टाकलं की पूल झाकलेल्या हौदासारखा दिसतो गं. एवढी इटालियन टाइल लावली!

ताई: पाहुणे आले की काढ. रात्री टाइल बघायला कोण येतंय?

छोटू: आणि पंप चालवायचा कधी? पहाटे लावला तर उठेपर्यंत गरम?

ताई: तीच चूक सगळे करतात. पहाटे हवा १०-१२ अंश, दुपारी २८-३०. पंप हवेतलीच उष्णता ओढतो, मग दुपारी ११ ते ५ चालव. बापूच्या छतावर सोलर आहेच, बिलाचाही प्रश्न हलका होतो. १४ किलोवॅटला पहिली तापवणी अशा ५-६ दुपारी घेईल. पार्टीच्या आदल्या दिवशी बटण दाबून उपयोग नाही.

बापू: बोअरचं पाणी आहे, खारट आणि जड.

ताई: एक्स्चेंजर, म्हणजे पंपातला पाण्याला उष्णता देणारा भाग, टायटॅनियमचाच पाहिजे, क्लोरीनमध्ये तांबं टिकत नाही. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये ठेव, वर गेला की क्षार धरतो. पाइपलाइनमध्ये आधी फिल्टर, मग हीट पंप, क्लोरीनेटर (पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र) सगळ्यात शेवटी. आणि मशीनला खोली बांधू नकोस. आपणच सोडलेली गार हवा ते परत ओढत बसेल. उघड्यावर ठेव, महिन्याला जाळीवरची धूळ पाण्याने धू.

नाना: मग मेमध्ये ते नुसतं पडून राहणार?

ताई: नाही नाना, गरम-थंड दोन्ही करणारं मॉडेल मिळतं. तेच घ्या. फक्त बऱ्याच मशीनची हद्द ४३ अंशांची असते, आणि आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. तेव्हा रात्री चालवायचं.

नाना: बापू, रातले कव्हर वढानं काम पोरेस्ले दे.

बापू: ठरलं. उद्या डीलरला १५ अंशांचा आकडा लेखी मागतो.

ताई: तो टाळाटाळ करायला लागला तर दुसरं कोटेशन घे.