गौताळा अभयारण्य, शनिवारची सहल: बस घाटानं फिरवायची का नाही?

आशिष (सध्या कन्नडला):
सकाळी पितळखोरा, लेणी बघून ओढ्याच्या अंगानं धवलतीर्थाकडून खाली पाटणादेवी. रिकामी बस औट्रम घाटानं चाळीसगावकडून फिरून खाली येणार, असं ठरलं होतं. आता बसवाला अडून बसलाय. म्हणतो, घाटात जड वाहनं बंद आहेत. दुसरी गाडी कुणाकडं?

लातूरचे काका:
२०२३ ला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं बंदी घातली ती ट्रक-ट्रेलरना. टेम्पो ट्रॅव्हलर जड वाहन कधीपासून झालं? त्याला डिझेलचे वाढवून पाहिजेत, तोंडानं सांगंना गेलाय. मागं देवगिरीला हाच प्रकार झाला होता, तेव्हा मी बोललो तर मलाच सगळ्यांनी गप्प केलं.

सुनीता (नांदेड):
देवगिरी राहू द्या काका. आमच्या सासूबाई लेण्यांच्या पायऱ्या उतरतील, पण पाटण्यापर्यंत गुडघे साथ देणार नाहीत. बस खाली गेली तर आम्ही वर काय वानरं मोजायची? लेकरंपण आहेत.

हेमंत (चाळीसगाव):
एक सांगतो. पाटणादेवी जळगाव जिल्ह्यात येते. सहलीचं नाव 'मराठवाडा दर्शन' आणि अर्धा दिवस खानदेशात! भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याच्या मठाचा १२०७ चा शिलालेखही तिथल्या पाटणा गावचाच. निदान पत्रिकेत तेवढं लिहा.

पैठणचे सर:
लिहू. सोबत हेही लिहा की पितळखोऱ्याला दान देणाऱ्यांत पैठणचा मित्रदेव होता, अत्तराच्या धंद्यातल्या घरचा. खांबावर कोरलंय. चौथ्या लेण्याच्या दाराशी द्वारपाल आहेत, खाली हत्तींची रांग. हत्तींच्या सोंडा बहुतेक तुटल्यात, पण कानांमागच्या साखळ्या नीट बघा. इथली यक्षाची मूर्ती मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. हाताच्या पंज्यावर कान्हदास सोनाराचं नाव कोरलेलं.

सुनीता:
सर, दान अत्तरवाल्याचं असलं तरी आपण अत्तर लावून जायचं नाही. कड्याला आग्या मोहोळं असतात. बायकांना मी सांगते, पुरुषांच्या डिओचं तुम्ही बघा. आणि बसचं?

हेमंत:
बस वरच थांबवा. खाली उतरणाऱ्यांना न्यायला मी चाळीसगावहून दोन जीपा आणतो, घाट चढून कन्नडला सोडतो. बसनं तिथंच थांबावं. उजेड असताना निघा, घाटात एक गाडी बंद पडली की पुढचं कुणाच्या हातात नाही.

लातूरचे काका:
जीपचे पैसे कोण देणार? वर थांबणाऱ्यांनी खालच्यांच्या जीपचे का द्यायचे?

आशिष:
जो उतरेल तो देईल. काका, तुम्ही वर आहात, निश्चिंत राहा. हेमंत, जीप नक्की. बसवाल्याला कळवतो.

पैठणचे सर:
संग्रहालयाचं सांगितलं त्याचे फोटो हवे असतील तर पाठवतो.

सुनीता:
धपाटे मी आणतेय, दही कन्नडला घ्या. नांदेडहून दही आणलं तर पोचेपर्यंत ताक होईल.